पास झालेला वॉल्व्ह आणि पासिंग वॉल्व्ह: बुटीबोरीतल्या एका शटडाऊनचं प्रकरण

नागपूरहून वर्धा रोडने निघालं की तासाभराच्या आत बुटीबोरीची एमआयडीसी लागते. तिथल्या एका रासायनिक कारखान्यात मी देखभालीचं नियोजन बघतो. कारखान्याचं नाव सांगण्यात हशील नाही. मे महिन्याच्या अखेरीस साहेबांनी माझ्या टेबलावर एक तक्ता ठेवला. डाव्या रकान्यावर लिहिलं होतं ‘एपीआय ५९८’, उजव्या रकान्यावर ‘गेफी’. कडेला निकष: किंमत, अचूकता, लागणारा वेळ, प्रशिक्षण. खाली शेरा, ‘तुलना करून शुक्रवारपर्यंत द्यावे.’

पहिलं वॉल्व्ह तपासण्याचं मानक आहे, दुसरं जाळ्यांची चित्रं काढणारं सॉफ्टवेअर. किंमतीच्या ओळीत काय लिहायचं ते लगेच सुचलं: मानक विकत घ्यावं लागतं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पुढच्या ओळीपाशी पेन अडलं. तरी साहेबांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. या दोन गोष्टींनी आमच्याकडे दोन वेगळ्या याद्या तयार केल्या होत्या आणि पैसे एकाच यादीपुरते होते.

एप्रिलमधली रात्र

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे स्टीमची उष्णता दुसऱ्या द्रवाला देणाऱ्या उपकरणाचं, गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी चकती) गेलं. काम तसं दोन तासांचं. स्टीम इनलेटचा चार इंची गेट वॉल्व्ह बंद करायचा, ड्रेन उघडून लाइन मोकळी करायची, परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायचं आणि बोल्ट सोडायचे. ऑपरेटरने व्हील आवळलं, ड्रेन उघडला, आणि ड्रेनमधून स्टीम येतच राहिली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. १० बारच्या स्टीमचं तापमान १८४ अंश असतं. तिच्यासमोर माणूस उभा करायला सेफ्टी ऑफिसरने नकार दिला, आणि बरोबरच केलं. शेवटी मागचा आठ इंची सेक्शन वॉल्व्ह बंद करावा लागला. त्याच्यावर आणखी तीन एक्स्चेंजर होते. दोन तासांच्या कामासाठी अर्धा विभाग चौदा तास बंद राहिला.

सकाळी फाइल काढली. तोच वॉल्व्ह मागच्या शटडाऊनमध्ये, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, हिंगण्याच्या एका वर्कशॉपमधून होऊन आलेला. सीटचं, म्हणजे बंद झाल्यावर झडप जिथे टेकते त्या कड्याचं, लॅपिंग (घासून सपाट करणं) झालेलं, टेस्ट बेंचवर तपासलेला, सोबत ‘एपीआय ५९८ प्रमाणे पास’ असं सर्टिफिकेट. साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरून विचारलं, “हा पास आहे ना?”

आमचे फोरमनकाका निवृत्तीला आलेले, तोंडाला लगाम नाही. म्हणाले, “पास झाला ना साहेब. म्हणून तर पासिंग मारून राहिला.”

प्लांटच्या बोलीत वॉल्व्ह ‘पास झाला’ म्हणजे परीक्षेत उतरला, आणि ‘पासिंग आहे’ म्हणजे बंद करूनही आतून सोडतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पुढे सहा महिने आमच्या मागे लागले.

सर्टिफिकेट खोटं नव्हतं

पहिला संशय वर्कशॉपवर. मी स्वतः जाऊन त्यांची वही पाहिली, बेंच पाहिला, प्रेशर गेजची कॅलिब्रेशनची तारीख पाहिली. सगळं ठीक होतं. मग मानकच नीट वाचायला बसलो. वीस वर्षं ज्याचा नंबर खरेदीच्या ऑर्डरवर डोळे मिटून लिहीत आलो ते मानक आपण सलग कधीच वाचलेलं नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, स्थापना १९१९ ची. तिचं ५९८ क्रमांकाचं मानक वॉल्व्हची तपासणी आणि चाचणी कशी करायची ते सांगतं. आधी शेल टेस्ट. वॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून बॉडीत पाणी भरायचं आणि ३८ अंशांवर त्या क्लासला, म्हणजे वॉल्व्हच्या दाबाच्या श्रेणीला, जो कमाल दाब चालतो त्याच्या दीडपट दाब द्यायचा. क्लास १५० च्या कार्बन स्टील वॉल्व्हला तो कमाल दाब २८५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). दीडपट करून वरच्या पंचविशीला नेला की ४५०, म्हणजे सुमारे ३१ बार. चार इंची वॉल्व्हला हा दाब एक मिनिट धरायचा आणि बाहेर थेंबसुद्धा दिसता कामा नये.

सीटची गोष्ट वेगळी. आमच्या मापाच्या गेट वॉल्व्हला ४ ते ७ बार हवेची टेस्ट सक्तीची आणि जास्त दाबाची ऐच्छिक. उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. जास्त दाब वेजला, म्हणजे आतल्या पाचरीसारख्या झडपेला, सीटवर रेटतो आणि बारीक गळती झाकून टाकतो. कमी दाबात ती उघडी पडते. वॉल्व्ह बंद करून एका बाजूने हवा द्यायची, दुसऱ्या बाजूचे बुडबुडे मोजायचे, मग बाजू बदलून तेच परत. धातूच्या सीटला अडीच ते सहा इंचांपर्यंत मिनिटाला २४ बुडबुडे माफ. पाण्याने केली तर १२ थेंब. आमच्या वॉल्व्हचे मोजलेले बुडबुडे ९. म्हणजे पास, आणि चांगल्या गुणांनी पास.

मानक स्वतःच गळती माफ करतं हे ऐकून साहेब खुर्चीत पुढे झाले. मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. १६ थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणून १२ थेंब म्हणजे पाऊण मिलिलिटर. तासाला ४५ मिलिलिटर, दिवसाला एक लिटरहून थोडं जास्त. पूर्ण बंद असलेल्या, नव्याकोऱ्या, पास झालेल्या वॉल्व्हमधून दिवसाला लिटरभर पाणी गेलं तरी मानकाची तक्रार नाही. आयएसओ ५२०८ हे आंतरराष्ट्रीय मानक लावून खरेदी करणाऱ्यांकडे अक्षरांच्या श्रेणी असतात. त्यातली डी श्रेणी १०० मिलिमीटरच्या वॉल्व्हला सेकंदाला १० घन मिलिमीटर पाणी माफ करते, म्हणजे मिनिटाला ०.६ मिलिलिटर. भाषा वेगळी, माप जवळपास तेच.

“मग ए श्रेणी मागवा,” साहेब म्हणाले. ए म्हणजे दिसणारी गळतीच नको. मऊ सीटला ती सहज मिळते. एपीआय ५९८ मध्येही मऊ सीटला शून्यच माफ आहे. पण १८४ अंशांच्या स्टीमवर वर्षानुवर्षं मऊ सीट वापरणं म्हणजे दर शटडाऊनला सीट बदलणं. धातूच्या सीटवर शून्य मागितलं तर मिळतं, पैसे मोजून. मात्र ते बेंचवरचं शून्य असतं, आणि आमचा घोळ बेंचवर झालाच नव्हता.

बेंचवर पाणी स्वच्छ असतं आणि मानक त्याचं तापमान ५ ते ५० अंशांत ठेवायला सांगतं. वॉल्व्ह मोकळा असतो, पाइपने ओढलेला नसतो. लाइनवर गेल्यावर गेट वॉल्व्हच्या तळातल्या खाचेत गंजाची खपली साचते, वेज तिच्यावर बसतो आणि फिटर व्हीलला पाइप घालून आवळतो. आमच्या वॉल्व्हचं दुखणं त्याहून साधं निघालं. नंतर उघडला तेव्हा सीटच्या खालच्या अंगाला सुरीने कापल्यासारखी खाच होती. चौकशीत कळलं की त्या एक्स्चेंजरचा कंट्रोल वॉल्व्ह, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणारा वॉल्व्ह, दोन महिने दुरुस्तीला होता आणि तेवढा काळ ऑपरेटरांनी याच गेट वॉल्व्हला अर्धवट उघडा ठेवून स्टीम कमीजास्त केली. गेट वॉल्व्ह एक तर पूर्ण उघडा ठेवायचा नाही तर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की फटीतून वेगाने जाणारी स्टीम सीट कातरते. हे आयटीआयच्या पोराला माहीत असतं, आणि तरी प्रत्येक प्लांटात होतं.

काकांचं मत: “मांडवातला नवरदेव येगळा अन् संसारातला नवरा येगळा राहते ना बाप्पा. तुम्ही मांडवातला फोटो पाहून राहिले.”

जाळं

त्याच सुमारास शहरातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजातून आमच्याकडे प्रशिक्षणार्थी म्हणून एक मुलगी आली होती. काका तिला ताई म्हणत, ती त्यांना काका. तिने एप्रिलची हकीकत ऐकली आणि विचारलं, “पण हा वॉल्व्ह एवढा महत्त्वाचा आहे हे आधी कुठे लिहिलेलं होतं का?” लिहिलेलं नव्हतं. आमच्या रजिस्टरमध्ये १३२ वॉल्व्ह होते आणि सगळे एकाच ओळीच्या उंचीचे.

तिने गेफी आणलं. हे सॉफ्टवेअर २००८ च्या सुमारास फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं. मुक्त परवान्याचं आहे, जावा या संगणकभाषेवर चालतं. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एवढीच त्याची दुनिया. समाजमाध्यमांत कोण कोणाला ओळखतं, कोणत्या शोधनिबंधात कोणाचा संदर्भ, असल्या कामांसाठी लोक ते वापरतात. स्टीमच्या पाइपांसाठी ते बनलेलं नाही. पण पाइपांचं जाळं हेही जाळंच, आणि दोन रकान्यांची सीएसव्ही फाइल दिली की त्याचं पोट भरतं: इकडून, तिकडे.

फाइल बनवायलाच तीन आठवडे गेले. लाइन डायग्रामवर, म्हणजे पाइपांच्या कागदी आराखड्यावर, भरवसा ठेवून चालणार नव्हतं, म्हणून ताई आणि काका सकाळी सहाला लाइन चालायला निघत. मे महिन्यातल्या नागपुरात दहानंतर उन्हातल्या व्हीलला हात लावायची सोय नसते. आठला परत येऊन कँटीनमध्ये तर्री पोहे आणि मग नोंदी. डायग्रामवर नसलेले सहा वॉल्व्ह सापडले, डायग्रामवर असलेले दोन जागेवर नव्हते. त्या फेऱ्यांत काका जे बोलत गेले ते ताईने वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवलं. त्या पानांची किंमत आम्हाला फार उशिरा कळली.

पहिल्यांदा फाइल चढवली तर एका जाळ्याऐवजी तीन तुकडे दिसले. कारण विनोदी होतं. एकाच वॉल्व्हचा टॅग, म्हणजे ओळख क्रमांक, कुठे डॅश घालून आणि कुठे डॅशशिवाय लिहिलेला, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वॉल्व्ह. टॅग दुरुस्त केले, तुकडे जुळले. माझ्या मते या सॉफ्टवेअरने कमावलेला पहिला पैसा हाच. रजिस्टरमधली अशी चूक वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही, चित्रात पहिल्याच मिनिटाला दिसते.

दुसरा पैसा त्याने रंगांतून कमावला. एकमेकांशी दाट जोडलेल्या बिंदूंचे गट पाडायची सोय त्यात आहे. तिने ती चालवली तर रंग जवळपास आमच्या विभागांप्रमाणेच पडले. फक्त कूलिंग वॉटरचा एक कोपरा भलत्याच रंगात गेला. जागेवर पाहिलं तर कधीकाळी कोणीतरी टाकलेली दोन इंची जोडलाइन निघाली, कुठल्याही डायग्रामवर नसलेली. एकाने तात्पुरती म्हणून टाकली असणार. आमच्याकडे ‘तात्पुरतं’ हे पाइपाचं सर्वांत टिकाऊ ग्रेड आहे.

मात्र चित्राने एक फसवणूकही केली. ताईने पोस्टर छापून मीटिंग रूममध्ये लावलं. साहेबांनी लांब लांब दिसणाऱ्या दोन बिंदूंवर बोट ठेवून विचारलं, “इथे एवढी लांब लाइन आहे?” नव्हती, दोन मीटरची होती. फोर्सअॅटलास २ नावाची मांडणी बिंदूंना एकमेकांपासून ढकलते आणि रेघांना स्प्रिंगसारखं ओढायला लावते. ओढाताण जिथे थांबते तिथे बिंदू बसतो. त्यात मीटर नाहीत, उत्तर-दक्षिण नाही, पाइपाचा व्यास नाही. तेच जाळं परत मांडलं तर सगळं चित्र फिरूनही बसू शकतं. नकाशासारखं दिसतं म्हणून ते नकाशा होत नाही, हे आम्ही पोस्टरखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं.

दोन याद्या

दिवाळीनंतरच्या दहा दिवसांच्या शटडाऊनमध्ये वर्कशॉपला जेमतेम २४ वॉल्व्ह पेलणार होते. कोणते?

पहिली यादी काकांची आणि माझी. मागच्या टेस्टला किती बुडबुडे, वॉल्व्ह किती जुना, शेवटचं लॅपिंग कधी, यावरून. दुसरी ताईची, बिटवीननेसवरून. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलेलं हे माप. जाळ्यातल्या प्रत्येक दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट काढायची आणि अशा किती वाटा एखाद्या बिंदूवरून जातात ते पाहायचं. नागपूरकराला हे मेट्रोवरून चटकन कळेल. नारिंगी आणि अॅक्वा मार्गिका सीताबर्डीला मिळतात, खापरीहून लोकमान्य नगरला जाणाऱ्याला तिथे उतरून गाडी बदलावीच लागते. म्हणून सीताबर्डीचा बिटवीननेस दांडगा.

दोन्ही याद्यांत मिळून सारखे वॉल्व्ह निघाले पाच. साहेबांचा तक्ता याच पाचांमुळे जन्माला आला.

कोणती यादी बरोबर यावर मीटिंगमध्ये तास गेला. मग मी, शहाणपणा करून, दोन्ही आकडे गुणायचा तोडगा सुचवला: बुडबुडे गुणिले बिटवीननेस. जो गळतो आणि मोक्याच्या जागी आहे तो वर येईल. सगळ्यांना पटलं. असले तोडगे सगळ्यांना पटतात.

सेफ्टी ऑफिसर यादी खालून वाचत होते, ही त्यांची सवय. तळाला सगळे ड्रेन आणि व्हेंट (लाइनमधली हवा-वाफ बाहेर सोडणारे) वॉल्व्ह बसले होते. गुण शून्य. त्यांनी विचारलं, “हे शून्य कसं?”

ड्रेन वॉल्व्ह जाळ्याच्या टोकाला असतो. त्याच्या पलीकडे कोणी नाही, म्हणून कोणत्याही दोन बिंदूंमधली वाट त्याच्यावरून जात नाही, म्हणून बिटवीननेस शून्य. गणितात काही चूक नाही. पण बंद केलेला वॉल्व्ह धरतोय की नाही हे फिटरला ड्रेनच सांगतो. एप्रिलच्या रात्री माणूस भाजला नाही तो ड्रेन उघडला म्हणून. आमच्या सूत्राने त्यालाच शून्याने गुणलं होतं. ड्रेन चोंदलेला असेल तर त्यातून काही येत नाही, आणि काही येत नाही म्हणजे लाइन मोकळी झाली असं समजून माणूस बोल्ट सोडतो.

खोलीत कोणी काही बोललं नाही. ताईने पेन्सिलने यादीवर आडवी रेघ मारली.

वॉल्व्ह म्हणजे बिंदू नव्हे

चूक कुठे होती ते तिनेच शोधलं, आणि ती मेट्रोच्या उपमेतच लपलेली होती. मेट्रोतला माणूस कुठूनही कुठेही जातो. स्टीम बॉयलरकडून निघते आणि एक्स्चेंजरपाशी संपते. एका एक्स्चेंजरमधून दुसऱ्यात जाण्याची तिला काही गरज नाही, पण बिटवीननेसने त्या सगळ्या वाटा इमानेइतबारे मोजल्या होत्या. शिवाय आमचा प्रश्न स्टीम कशी जाते हा नव्हताच. आम्हाला ती थांबते कुठे हे हवं होतं.

पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात हा प्रश्न जुना आहे. टॉमस वॉल्स्की या अमेरिकी अभियंत्याने १९९३ मध्ये जाळं उलटं मांडायची रीत दाखवली. वॉल्व्हला बिंदू मानायचं नाही. जवळचे वॉल्व्ह बंद केल्यावर पाइपाचा जो तुकडा एकटा पडतो, तो तुकडा म्हणजे बिंदू. वॉल्व्ह म्हणजे दोन तुकड्यांमधली रेघ. घराच्या भाषेत सांगायचं तर खोल्या मोजायच्या आणि दारं त्यांच्यामधल्या रेघा समजायची. आता प्रश्न सरळ होतो. एखादं दार लागलंच नाही तर दोन खोल्यांची एक खोली होते. एका खोलीत काम काढायचं असेल तर शेजारची खोलीही रिकामी करावी लागते. तिच्यात काय काय आहे?

हे काम गेफीचं नव्हतं. ताईने ते साध्या एक्सेलमध्ये केलं, चित्रापुरतं गेफी वापरलं. प्रत्येक वॉल्व्हपुढे लिहिलं: हा धरला नाही तर जास्तीचं काय काय बंद ठेवावं लागेल. एप्रिलचा वॉल्व्ह या मांडणीत दुसऱ्या नंबरवर आला. बिटवीननेसच्या यादीत तो एकोणचाळिसावा होता.

पण नुसतं तेवढ्यानेही भागत नव्हतं. जो वॉल्व्ह कधी बंद करावाच लागत नाही तो धरला काय, न धरला काय. म्हणून मागच्या दोन वर्षांची परमिटची वही काढली. कोणत्या कामासाठी कोणता वॉल्व्ह किती वेळा बंद मागितला ते त्यात होतं. मला हा रकाना सगळ्यांत आवडला होता, म्हणून त्याच्याबद्दल पुढे जे घडलं ते जास्त लागलं.

तिसरा रकाना वॉल्व्हच्या तब्येतीचा. इथे बेंचचे जुने बुडबुडे बाजूला ठेवले आणि उन्हाळ्यातल्या छोट्या थांब्यांत, वॉल्व्ह जागेवर बंद करून पलीकडच्या पाइपाचं तापमान मोजलं. थंड होत गेला तर धरतोय, गरमच राहिला तर पासिंग. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीला टेकवून मुठीला कान लावत आणि सांगत. यंत्र आणि काका यांच्यात फारसा मतभेद झाला नाही.

ड्रेन आणि व्हेंट यांना नंबर लावायचाच नाही असं ठरलं. माणूस ज्यावर विसंबून बोल्ट सोडतो ते सगळेच्या सगळे उघडून साफ करायचे, वर्कशॉपला न पाठवता जागेवर.

शुक्रवारचा तक्ता, तीन शुक्रवार उलटून गेल्यावर, मी ‘निकष’ खोडून परत दिला. मानकाखाली लिहिलं: ‘हा वॉल्व्ह आज, इथे, एकटा कसा आहे?’ सॉफ्टवेअरखाली लिहिलं: ‘याचे शेजारी कोण?’ आणि मधल्या रेघेवर: ‘तो कधी आणि कशासाठी बंद करावा लागतो, हे दोघांनाही माहीत नाही.’ साहेबांनी सही केली. प्रशिक्षणाची ओळ कोरीच राहिली.

शटडाऊन

वर्कशॉपला एक अट घातली. वॉल्व्ह उघडण्याआधी, जसा आला तसा बेंचवर टाकून बुडबुडे मोजायचे. त्यांना ती आवडली नाही, कारण त्यात वेळ जातो आणि पैसे कोणी देत नाही. आम्ही दिले. २४ पैकी १६ वॉल्व्ह मर्यादेबाहेर सोडत होते, त्यातल्या चारांत बुडबुडे मोजताच आले नाहीत, नुसता फवारा. आठ मर्यादेत होते.

त्या आठांवर खर्च वाया गेला का, हे साहेबांनी विचारलंच. मी म्हटलं, थोडा गेला. पण त्यातले पाच असे होते की ते न धरल्यास दोन विभाग एकदम थांबतात. त्यांची खात्री करून घेण्यासाठी बेंचएवढी स्वस्त जागा नाही. उरलेल्या तिघांबाबत आमचा अंदाज चुकला.

ऑपरेटरांसाठी बदल एकच केला. कंट्रोल वॉल्व्ह दुरुस्तीला गेला तर प्रवाह बायपासच्या, म्हणजे बाजूच्या पर्यायी लाइनच्या, ग्लोब वॉल्व्हवर धरायचा (तो अर्धवट उघडा ठेवण्यासाठीच बनवलेला असतो), गेट वॉल्व्हच्या व्हीलला साखळी आणि कुलूप. किल्ली शिफ्ट इनचार्जकडे. वॉल्व्ह टिकवण्याच्या बाबतीत या कुलपाने मानक आणि सॉफ्टवेअर या दोघांपेक्षा जास्त काम केलं असेल अशी माझी शंका आहे.

फेब्रुवारी

फेब्रुवारीत एका कंडेन्सरचं झाकण उघडायचं ठरलं. कूलिंग वॉटरचा बारा इंची बटरफ्लाय वॉल्व्ह बंद केला आणि पाणी येतच राहिलं. रबरी सीट, म्हणजे मानकाप्रमाणे शून्य माफ. इथे पाणी बादलीने मोजण्यासारखं होतं. पाणी गारच, म्हणून जीवाला धोका नव्हता, पण काम एक दिवस पुढे गेलं.

हा वॉल्व्ह आमच्या चोविसांत नव्हता. काकांच्या जुन्या, बुडबुड्यांच्या यादीत तो एकोणिसावा होता. आम्ही तो काढून टाकला, कारण परमिटच्या वहीत दोन वर्षांत तो कोणी एकदाही बंद मागितला नव्हता. जो कोणी मागत नाही त्याच्यावर खर्च कशाला, हे माझंच वाक्य.

काकांना विचारलं, दोन वर्षं कोणी मागितला कसा नाही? ते हसले. “मागून काय करणार? तो धरत नाही हे साऱ्या शिफ्टले माहीत हाय. मंग पंप बंद पडाची वाट पाहत, नाही तर ब्लाइंड मारून काम काढत.” ब्लाइंड म्हणजे पाइपाच्या जोडात घालायची बंद चकती.

म्हणजे वहीत शून्य होतं ते वॉल्व्ह चांगला म्हणून नव्हे. तो इतका वाईट होता की लोकांनी त्याच्याकडे पाहणंच सोडलं होतं. ड्रेनच्या शून्याने जे शिकवलं ते मी पुढच्याच रकान्यात विसरलो. ताईच्या वहीची मागची पानं त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. बाविसाव्या पानावर, मे महिन्यातल्या एका सकाळची काकांच्या शब्दांतली नोंद होती: ‘बारा इंची, कंडेन्सर, मेलेला, कोणी हात लावत नाही.’

ताई तोवर प्रशिक्षण संपवून गेली होती. मी तिला त्या पानाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “मी हे एक्सेलमध्ये घेतलं नव्हतं, रकानाच नव्हता ना.”

मार्चपासून परमिटच्या वहीत एक रकाना वाढवला आहे: ‘कोणता वॉल्व्ह बंद करायला हवा होता पण केला नाही?’ पहिले दोन आठवडे तो रिकामाच होता. मग एका रात्रपाळीच्या ऑपरेटरने त्यात सलग चार टॅग लिहिले. त्यातले तीन आमच्या चोविसांतले नाहीत. काका पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्याआधी त्यांच्याबरोबर सकाळी सहाला पुन्हा एकदा लाइन चालायची आहे, या वेळी रकाने न आखलेली वही घेऊन.